मिरजेत तंबोरा दुरुस्त करून आणला

आधी तक्रार. आठ दिवसांत देतो म्हणाले आणि पाच आठवडे लावले. पावती नाही, एका जुन्या पाकिटावर माझं आडनाव आणि खाली ‘भोपळा चीर, जवारी’ एवढंच. जवारी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज घुमता करणं. फोन केला की दुकानातलं पोरगं उचलायचं, "चाचा चहाला गेलेत." सकाळी दहाला चहाला, संध्याकाळी सहालाही चहालाच.

तंबोरा नवऱ्याचा. शाळेत गाणं शिकवायचा, घरी काळी एकच्या सुरात गायचा. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरातून पहिल्यांदा माळ्यावर चढला तो तंबोरा. फ्रीज राहिला खाली. पाणी लागलं नाही, पण ओल बसली. भोपळ्याला चीर गेली, गुलूजवळचा, म्हणजे दांडी भोपळ्याला जुळते तिथला, सांधा सुटला. "बघू गं दिवाळीनंतर," असं दोन दिवाळ्या म्हणाला. तिसरी त्याने बघितली नाही.

मी मांडणशिल्पं करते. मार्केट यार्डातून हळदीची रिकामी पोती आणते, त्यांच्या भिंती उभ्या करते. नणंद अजून विचारते, "हे पुरं कधी होणार?" लॉरी अँडरसन या अमेरिकन कलावतीचं काम मी वर्षानुवर्षं बघत आलेय. तिचा नवरा, रॉक गायक लू रीड, २०१३ मध्ये गेला. त्याच्या गिटारी अँप्लिफायरला टेकवून ठेवायच्या आणि त्या आपल्याआपण घुमत राहायच्या, असे प्रयोग तिने नंतर केले. म्हटलं, माझ्याकडे तर घुमण्यासाठीच केलेलं वाद्य आहे. पोत्यांच्या भिंतीत तंबोरा उभा करायचा, कुणी हात लावायचा नाही.

सतारमेकर गल्लीतल्या त्या दुकानात चाचांना हे सगळं सांगितलं. त्यांनी भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "ताई, वाजवायचाच नसेल तर जवारीचे पैसे कशाला घालवता? नुसती चीर भरून देतो." टोमणा नव्हता, हिशेब होता. मी गप्प. मग म्हटलं, जवारी पण करा.

ही गल्ली फरीदसाहेब सतारमेकरांपासून, म्हणजे १८५० च्या आसपासपासून, हेच करतेय. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याबद्दल अभिनंदन केलं, तर चाचा म्हणाले, "भोपळा स्वस्त झाला का त्यानं?" भोपळे मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात, आणि चांगला भोपळा मिळायची मारामार आहे म्हणे.

न्यायला गेले तेव्हा पोरगं दांडीला पॉलिश मारायच्या तयारीत होतं. मधोमध जिथे नवऱ्याचा गाल टेकायचा तिथे घामाने काळपट झालेला डाग आहे. मी ओरडलेच. चाचांनी पोराच्या हातातला बोळा काढून घेतला. "डाग ठेवायचा? बरं." बाकी सगळी दांडी चकाचक आणि मधे तेवढाच पट्टा मळका राहिलाय. कुणी न सांगता कडा मात्र त्यांनी बोटाने पुसून मऊ केल्या होत्या.

जवारी माझ्यासमोर केली. घोडीवर कानस दोन हात, छेडून बघ, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा धागा, नखाने केसभर पुढे, केसभर मागे. बराच वेळ तार नुसती टणटण करत होती आणि एकदम बोलायला लागली. आमच्याकडे हा प्रकार अर्धा अर्धा तास चालायचा आणि मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, "आता गाशील का?" माझं काम बघताना तो "अजून जवारी लागली नाही" म्हणायचा, तेव्हा मला त्याचा राग यायचा.

चार हजार दोनशे घेतले, तारा धरून. घासाघीस केली नाही.

मांडणीत बदल केलाय. पोत्यांच्या भिंतीपुढे सतरंजी टाकलीय. येईल त्याने बसायचं आणि छेडायचं. परवा नणंदच बसली, वीस मिनिटं उठली नाही.

जाणार असाल तर गाडी लक्ष्मी मार्केटपाशी लावा आणि चालत जा, गल्लीत वळायला जागा नाही. तारा उतरल्या तर सहा महिन्यांत कधीही आणा, पैसे नकोत, असं म्हणालेत. तेही पाकिटावर लिहून घ्या.