जुना ओटा फोडू देण्याआधी हे वाचा

कमी पैशांत छोटं स्वयंपाकघर नवं करून देतो म्हणणाऱ्यांच्या जाहिराती सध्या नाशिकमध्ये मोबाइलवर सारख्या येतात. अशाच एका ठेकेदाराने आमचे 1,30,000 रुपये नेले आणि घरात भुशाची खोकी ठेवून गेला. त्याने हे कसं केलं ते मी क्रमाने सांगते, कारण हीच पद्धत त्याने आणखी दोन घरांत वापरल्याचं आम्हाला नंतर कळलं आणि ती अजून कुठे चालू नसेल असं मला वाटत नाही.

आम्ही सिडकोत राहतो. सिडकोच्या जुन्या स्कीममधली घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आमच्या स्वयंपाकघराचा आकार वेगळा सांगायला नको. सासूबाई आणि मी एकदम आत उभ्या राहिलो तर फ्रिजचं दार उघडत नाही. देवघरही तिथेच, ओट्याशेजारी. मिस्टर अंबडच्या एका कंपनीत आहेत, मी घरी शिवणकाम करते. भिशीचे आणि बाजूला टाकलेले मिळून 1,60,000 रुपये होते. तेवढ्यात नवा ग्रॅनाइटचा ओटा, खाली ट्रॉल्या, वर कपाटं, सिंक आणि भिंतीला टाइल्स एवढं हवं होतं.

ठेकेदार घरी आला तो अगदी गोड बोलत. सासूबाईंच्या पाया पडला. 'ताई, तुमचं बजेट तेच माझं बजेट' म्हणाला. मोबाइलवर केलेल्या कामांचे फोटो दाखवले, प्लायचा नमुना दिला. त्या तुकड्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 710 असं छापलेलं होतं. 710 म्हणजे ज्याला बाजारात मरीन प्लाय म्हणतात तो. प्रयोगशाळेत तो 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून मग त्याचं चिकटकाम तपासतात. त्याखालचा एमआर, म्हणजे नुसता ओलावा सोसणाऱ्या दर्जाचा प्लाय आयएस 303 मध्ये येतो, त्याची चाचणी 60 अंशांच्या पाण्यात फक्त 3 तासांची. सिंकखाली कोणता हवा हे उघड आहे. कोटेशनवरही त्याने '710 प्लाय' लिहून दिलं. ते लिहून घेतलं म्हणून आज आमच्या हातात काहीतरी आहे.

त्या कोटेशनमधली पहिली लबाडी मापाची होती. आमचा ओटा इंग्रजी एल आकाराचा. एक बाजू 8 फूट, दुसरी 6 फूट, आणि 2 फुटांचा कोपरा दोन्हींत सामाईक, म्हणजे कोपरा एकदाच धरला तर 12 फूट. त्याने 8 आणि 6 ची बेरीज करून 14 फूट धरले. उंची पावणेतीन फूट, दर चौरस फुटाला 1,200 रुपये. 33 चौरस फुटांचं काम साडेअडतीस फुटांच्या भावाने लावलं, म्हणजे एका कोपऱ्यात 6,600 रुपये. मिस्टरांनी विचारलं तर म्हणाला, 'दादा, सगळे असंच मोजतात.' सगळे असं मोजत नाहीत. नंतर आलेल्या सुताराने कोपरा एकदाच धरला. एल आकाराचा ओटा असेल तर कोपरा कसा मोजणार हे आधीच कागदावर घ्या. ग्रॅनाइटचंही तसंच. कडेचं मोल्डिंग, सिंकचं कटआऊट, शेगडीचं कटआऊट यांचे दर दगडात धरले आहेत की वेगळे, हे लिहिलेलं नसेल तर ते हमखास वेगळे निघतात.

बिलाचं विचारलं तेव्हा 'पक्कं बिल पाहिजे तर 18 टक्के वर लागतील' असं उत्तर आलं. 1,60,000 वर 28,800. जिथे एकेक हजार मोजून ठेवलेला आहे तिथे हे ऐकून माणूस गप्प बसतो, आणि हे त्याला बरोबर माहीत असतं. 80,000 रुपये ॲडव्हान्स यूपीआयने घेतला, तो दुसऱ्याच कुणाच्या नावाच्या खात्यावर. 'माझ्या पार्टनरचं खातं आहे, ताई.'

आणि मग ज्यासाठी मी हे लिहिते आहे ती गोष्ट झाली. ॲडव्हान्स मिळाल्याच्या दुसऱ्याच सकाळी त्याची दोन माणसं घण घेऊन दारात. दुपारपर्यंत ओटा जमीनदोस्त, नळाची लाइन तोडलेली, टाइल्स उपसलेल्या. खालचे कडप्प्याचे कप्पे शाबूत आणि चांगले जाड होते. ते वेगळे काढून राडारोड्याबरोबर छोट्या टेम्पोत घालून तो घेऊन गेला. त्या फरश्यांनाही किंमत असते, त्याचा हिशेब कोटेशनमध्ये कुठेच नव्हता.

एवढी घाई त्याला का होती ते तेव्हा कळलं नाही. आम्हाला वाटलं, कामाचा उरक आहे. तोडफोड झाल्यावर मात्र माणूस गायब. कधी 'प्लाय संपला, उद्या येतो', कधी 'कारागीर गावाला गेलाय'. आम्ही बेडरूममध्ये इंडक्शनवर स्वयंपाक करत होतो आणि भांडी न्हाणीघरात घासत होतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसून भाजी चिरावी लागत होती. तोवर नवरात्र तोंडावर आलं. आमच्याकडे घट बसतात, सासूबाईंचे नऊ दिवसांचे उपास असतात, आणि देवघराची जागा तर उखडलेल्या भिंतीजवळ. घट बसायच्या आत किचन हातात देतो असं त्याने कबूल केलं होतं. ती तारीख त्याने आमच्या सोयीसाठी विचारून घेतली नव्हती.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी टेम्पो आला. खाली उभा करून त्याने फोन केला, 'ताई, माल आणलाय. 50,000 द्या, लगेच उतरवतो. नाहीतर टेम्पो दुसऱ्या साइटवर जाईल.' ओटा नाही, पाणी नाही, देव पाटावर ठेवलेले. अशा घरातला कोण नाही म्हणेल? मिस्टरांनी उरलेल्या पैशांतून रोख दिले. जुना ओटा जागेवर असता तर हेच आम्ही म्हणू शकलो असतो की आधी माल वर आण, आम्ही पाहतो, मग पैसे. मोडलेल्या स्वयंपाकघरात गिऱ्हाईक भाव करू शकत नाही, आणि या लोकांचा सगळा धंदा त्यावर उभा आहे.

माल म्हणजे वर्कशॉपमधून जोडून आणलेली खोकी होती. बाहेरून सुंदर लॅमिनेट, सगळ्या कडांना पट्टी चिकटवलेली, त्यामुळे आत काय आहे ते दिसायची सोयच नाही. ग्रॅनाइट बसला, खोकी बसली, घट कसेबसे बसले. सिंकचा पाइप घालायला प्लंबर आला, त्याने खोक्याच्या पाठीला भोक पाडलं आणि ड्रिल बाहेर काढून माझ्याकडे बघितलं. 'वहिनी, हा प्लाय नाही. भुसा आहे.' प्लायला भोक पाडलं की पातळ पापुद्र्यांच्या थरांचा लाकडी कीस निघतो. इथे पिवळट चुरा गळत होता. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेली फळी. ती कोरड्या जागी चालते. आमच्याकडे ती सिंकखाली होती.

ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, पाठीचीच फळी तशी आहे, बाकी सगळा 710. तेव्हा प्लंबरनेच एक युक्ती दाखवली, ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी. शटरची बिजागरी ज्या गोल खड्ड्यात बसते, तो 35 मिलिमीटरचा खड्डा फळी कोरून केलेला असतो आणि त्याला कडेची पट्टी नसते. दोन स्क्रू काढून बिजागरी बाजूला केली की फळीचं पोट उघडं पडतं. सगळ्या शटरांत तोच चुरा. पडलेला एक तुकडा मी पातेल्यात उकळायला ठेवला, शेजारी त्याने दिलेला नमुनाही ठेवला. नमुना जसाच्या तसा राहिला. दुसरा थोड्याच वेळात फुगून लापशीसारखा झाला. दोन्हींचा फोटो एकत्र काढून ठेवला आहे.

बिजागऱ्यांवर नावाजलेल्या कंपनीचं नाव होतं, पण नुसत्या स्टिकरवर. चांगल्या कंपन्या नाव धातूतच उठवतात. ट्रॉल्यांची गोष्ट याहून सफाईदार होती. '304 स्टील आहे, हे बघा' म्हणत त्याने सासूबाईंसमोर लोहचुंबक लावून दाखवला होता. तो चिकटला नाही, सगळ्यांना खात्री पटली. पण चुंबक स्वस्तातल्या 202 स्टीललाही चिकटत नाही. 304 मध्ये निकेल साधारण 8 टक्के असतं, 202 मध्ये ते कमी करून त्या जागी मँगनीज वाढवलेलं असतं, आणि गंजापुढे ते लवकर हार मानतं, मिठाच्या आणि चिंचेच्या बरण्यांखाली तर अधिकच. फरक चुंबकाने कळत नाही. त्यासाठी स्टीलच्या आणि भंगाराच्या व्यापाऱ्यांकडे एक द्रावण मिळतं, त्याचा थेंब टाकला की 202 वर रंग बदलतो. आमच्या गल्लीजवळच्या भंगारवाल्या काकांनी ते फुकट करून दाखवलं. ट्रॉली 202 चीच निघाली. चुंबक दाखवून कुणी 304 सिद्ध करत असेल तर तो एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला फसवतो आहे. ग्रॅनाइट मात्र ठीक निघाला, तोही तपासला. काळा दगड रंगवलेला असेल तर कापसावर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन घेऊन घासलं की कापूस काळा होतो.

हे सगळं फोटोंसह पाठवल्यावर त्याने एकदाच उत्तर दिलं, 'येऊन बघतो.' त्यानंतर नंबर बंद. वरची कपाटं आलीच नाहीत, टाइल्स अर्ध्या राहिल्या.

मग आम्ही शोधाशोध केली. कोटेशनच्या माथ्यावर जीएसटी नंबर छापलेला होता, 27 ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, पंधरा अक्षरांचा, दिसायला अगदी खरा. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही लॉगिन न करता नंबर टाकून नाव पाहता येतं. तो नंबर भलत्याच व्यवसायाचा होता. त्याने दाखवलेले 'आमची कामं' म्हणून फोटो मोबाइलवर चित्रावरून शोधले तर दुसऱ्या शहरांतल्या जाहिरातींत सापडले. प्लायच्या शिक्क्याखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून तपासता येतो. या तिन्ही गोष्टी घरबसल्या, फुकट आणि चहा उकळेपर्यंत होतात.

इंदिरानगरच्या एका ओळखीच्या बाईंमुळे दुसरं घर कळलं, त्यांच्याकडून नाशिकरोडचं तिसरं. तिन्हीकडे क्रम एकच: आधी ॲडव्हान्स, लगेच तोडफोड, मग सणाच्या किंवा घरच्या कार्याच्या तोंडावर टेम्पो खाली उभा. एका घरी बाळंतपण होतं, त्यांना ती तारीख दिली होती. हे समजल्यावर मला जास्त राग आला. आमच्या घटांची आणि त्या घरच्या बाळाची तारीख तो वहीत लिहून घेत होता.

पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे, पोच शिक्क्यासह घेतली. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत 318 आहे आणि त्यात सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं, त्यासाठी तीन घरांचा सारखा क्रम आणि खोटा जीएसटी नंबर महत्त्वाचा आहे. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहोत. अनेकांना वाटतं तिथे वकील आणि भरमसाट खर्च लागतो. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, ठेकेदार कुठलाही असो. मुदत दोन वर्षांची. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीतही बोलता येतं. मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. फळीचा तुकडा, बिजागरी, यूपीआयच्या पावत्या, कोटेशन सगळं जपून ठेवा. आमच्या प्लंबरने काय पाहिलं ते सहीनिशी लिहून दिलं आहे, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

स्वयंपाकघराचं काय केलं तेही सांगते, कारण हातात फक्त 30,000 उरले होते आणि असे पुष्कळ जण असतील. भुशाची खोकी काढून टाकली. ओळखीच्या सुताराने सुचवलं की ओट्याखाली लाकूड घालूच नका. दोन बाजूंना आणि मधे कडप्प्याच्या उभ्या फरश्या गवंड्याकडून बसवून घेतल्या, पुढे फक्त ॲल्युमिनियमच्या चौकटीची शटर. पाणी सांडलं तरी फुगायला काही नाही, वाळवीला खायला काही नाही. ट्रॉल्या सध्या दोनच, वरची कपाटं पुढच्या भिशीला. सुताराने सामान आधी घरात आणून टाकलं, मला दाखवलं, दुकानाची पावती माझ्या नावाने केली आणि मजुरी रोजच्या रोज घेतली. माल घरात, तपासलेला, आणि मगच हातोडा, असं ज्याला चालत नाही त्याला दारातूनच परत पाठवा, तो कितीही स्वस्त सांगत असला तरी.

तुमच्याकडे याच क्रमाने काम झालं असेल, सणाची तारीख विचारून घेतली असेल, पैसे दुसऱ्याच नावाच्या खात्यावर मागितले असतील, तर पोलिसांत आणि आयोगात स्वतःची वेगळी तक्रार जरूर द्या. तीन घरांची तक्रार एका घरापेक्षा वजनदार आहे, चार घरांची त्याहून.