नगरभवन: पॅरिसचं की ल्योंचं?

फ्रान्सच्या या दोन शहरांतल्या नगरपालिकेच्या दोन्ही इमारती आगीत सापडल्या, पण पुढच्या वाटा वेगळ्या.

पॅरिसचं नगरभवन राजा पहिल्या फ्रान्सिसच्या काळात, १५३३ मध्ये सुरू झालं. इटालियन वास्तुकार दोमेनिको दा कोर्तोनाचं हे काम पूर्ण व्हायला १६२८ उजाडलं. मे १८७१ मध्ये, पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहरातल्या बंडखोर सरकारच्या, अखेरच्या दिवसांत, ते जळालं. आत शहराच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची दप्तरं होती, तीही गेली. भिंतींपेक्षा मला हीच हानी मोठी वाटते. १८७४ ते १८८२ दरम्यान बाल्यू आणि देपर्त यांनी नवी इमारत उभारली: दर्शनी भाग जुन्या रेनेसाँ वळणाचा, आतली दालनं मात्र एकोणिसाव्या शतकाच्या थाटाची.

निवड करायचीच तर मी ल्योंच्या बाजूने. पॅरिसचं रूप देखणं, पण नव्याने घडवलेलं. ल्योंला सिमों मोपँने सतराव्या शतकाच्या मध्यात बांधलेली वास्तूच टिकली. १६७४ च्या आगीनंतर ती डागडुजीवर निभावली, आणि त्या डागडुजीचा आराखडा व्हर्सायच्या राजवाड्याचा वास्तुकार मांसार याचा. समोरच्या तेरो चौकातून वर पाहिलं की घोड्यावरच्या राजा चौथ्या हेन्रीचं शिल्प दिसतं. आधी तिथे चौदावा लुई होता. क्रांतीत त्याचं शिल्प फोडलं गेलं.