चार सेंटिमीटर: लेझर मीटर घेताना मी कशी फसले

मालमत्तेच्या मूल्यांकनाचं काम करणाऱ्यांनी वाचावं म्हणून हे लिहितेय. लिहिताना लाज वाटतेय, कारण लोकांची बनवाबनवी ओळखणं हा माझ्या कामाचाच अर्धा भाग. मालक सांगतो ते क्षेत्रफळ मी धरत नाही, दलाल सांगतो तो भाव धरत नाही, शेजारचं घर 'इतक्याला गेलं' असं कुणी म्हणालं तर खरेदीखत बघितल्याशिवाय तो आकडा कागदावर घेत नाही. आणि ज्या यंत्राने हे सगळं मोजते, ते मात्र एका जाहिरातीच्या भरवशावर विकत घेतलं.

माझा जुना लेझर मीटर, म्हणजे प्रकाशाने अंतर मोजणारं हातातलं यंत्र, एका साइटवर जिन्यावरून गडगडत खाली गेला आणि त्यानंतर चालू झालाच नाही. त्या आठवड्यात पाच साइट व्हिजिट ठरलेल्या होत्या. त्याच संध्याकाळी आमच्या व्यवसायातल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एक जाहिरात पुढे पाठवली: नामांकित कंपनीचा मीटर, पेटीबंद, कॅलिब्रेशन सर्टिफिकेटसकट (यंत्र अचूक मोजतं याचा प्रयोगशाळेचा दाखला), किंमत दुकानातल्या किमतीच्या जेमतेम निम्मी. मूल्यांकनात एखादा व्यवहार बाजारभावाच्या निम्म्यावर झालेला दिसला की आम्ही आधी विचारतो, विकणारा अडचणीत होता का, नात्यातला होता का, आणि मग तो तुलनेतून सरळ बाद करतो. हा साधा प्रश्न मला त्या संध्याकाळी पडला नाही. सहकाऱ्यांना मी नंतर विचारलं, "तुम्ही घेतलाय का त्याच्याकडून?" तर म्हणाले, "नाही हो, मला आला तसा पुढे पाठवला."

विक्रेता फोनवर अगदी जाणकारासारखा बोलला. लेझर दुसऱ्या वर्गाचा आहे, डोळ्यांना भीती नाही, उन्हात मोजायचं तर लक्ष्यपट्टी वापरा, हे सगळं त्याने न विचारता सांगितलं आणि ते सगळं बरोबरच होतं. मग म्हणाला, "मॅडम, विक्रीच्या वेबसाइटवरून ऑर्डर टाकलीत तर त्यांचं कमिशन जातं. थेट खात्यावर पाठवा, पाऊच आणि ट्रायपॉड माझ्याकडून." मी पाठवले. तीन दिवसांनी पेटी आली. वजन बरोबर, रबराची पकड बरोबर, बटणांचा आवाजसुद्धा बरोबर. सर्टिफिकेटवर गोल शिक्का आणि कोऱ्या निळ्या शाईची सही. भिंतीवर लाल ठिपका पडला, आकडा आला, मी कामाला लागले.

आता थोडं यंत्राबद्दल, म्हणजे पुढचं कळेल. मीटरची मागची कड भिंतीला टेकवून बटण दाबलं की प्रकाश समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. यंत्राला कळतं ते आतल्या भिंगापासूनचं अंतर. त्यात ते स्वतःच्या अंगाची लांबी मिळवतं आणि मग पडद्यावर आकडा दाखवतं. ही लांबी त्याच्या स्मृतीत ठोकून बसवलेली असते. माझ्या मीटरचा शेवटी उलगडा झाला तो असा: दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं, आतला भाग एका छोट्या, स्वस्त मीटरचा होता आणि बाहेरचं कवच मोठ्या मीटरसारखं. आतला बिचारा आपण अजून छोट्याच घरात राहतोय असं समजून कमी लांबी मिळवत होता. प्रत्येक मापात चार सेंटिमीटर कमी. एक मीटर मोजा की पंधरा मीटर मोजा, कमी चारच.

चार सेंटिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. चार बाय सहा मीटरचा हॉल घ्या. २४ चौरस मीटरऐवजी ३.९६ गुणिले ५.९६, म्हणजे २३.६० येतात. दीड-पावणेदोन टक्के, डोळ्यात न भरणारा फरक. पण १.२० बाय २.१० चं बाथरूम घ्या: २.५२ ऐवजी २.३९, पाच टक्क्यांच्या वर. खोली जितकी लहान, तितका घास मोठा. हॉल, तीन बेडरूम, स्वयंपाकघर आणि दोन बाथरूमच्या साध्या घरात मिळून साधारण १.६ चौरस मीटर, म्हणजे १७ चौरस फुटांच्या आसपास गायब होतात. अमेरिकेत स्वतंत्र घरांसाठी वापरलं जाणारं एएनएसआय झेड७६५ हे मानक घर बाहेरून मोजायला सांगतं. फॅनी मे या गृहकर्ज संस्थेने स्वतःकडे येणाऱ्या आत-बाहेर पाहणीच्या मूल्यांकनांना ते १ एप्रिल २०२२ पासून बंधनकारक केलं. तसं मोजणाऱ्याचं नुकसान प्रत्येक बाहेरच्या बाजूला एकदाच होतं. आतून खोली-खोली मोजणाऱ्याला हा मीटर प्रत्येक दाराशी लुटतो.

चार महिने मी तो वापरला.

मधे एकदा सुटायची संधी आली होती, तीही मी घालवली. एका घराचा मालक तरुण आर्किटेक्ट होता. मी बाथरूम मोजून आकडा लिहिला तेव्हा तो मागून डोकावून म्हणाला, "मॅडम, माझ्या ड्रॉइंगमध्ये १.२० आहे, तुम्हाला १.१६ कसं आलं?" मी वर न बघता उत्तर दिलं, "प्लास्टर बारा मिलिमीटर, टाइल आठ, दोन्हीकडचं मिळून चार सेंटिमीटर. तिथेच गेलं." हिशोब इतका चपखल बसला की मलाच बरं वाटलं. तो चाचरत म्हणाला, "माझं माप टाइल्स लावल्यानंतरचं आहे असं वाटतं मला." मी म्हटलं, "तसं वाटतं खरं." आणि पुढच्या खोलीत गेले. चूक यंत्राची होती, पण ती झाकायला कारण मी पुरवलं. वीस वर्षांच्या अनुभवाचा हाही एक उपयोग.

पकडलं ते भिंतींनी. एका बैठ्या घराचं स्केच रात्री काढत बसले होते. एका ओळीत चार खोल्या. बाहेरची लांबी मी जुन्या सवयीने स्टीलच्या टेपने घेतली होती: १३.९१ मीटर. खोल्यांची मापं लेझरची: बेरीज १२.८४. उरले १.०७ मीटर, ते पाच भिंतींचे. पण दारांच्या चौकटीत मोजलेली जाडी माझ्याच वहीत लिहिलेली होती, बाहेरच्या दोन २३ सेंटिमीटरच्या, आतल्या तीन १५ च्या. म्हणजे ९१ सेंटिमीटर हवे होते. सोळा सेंटिमीटर भिंत जास्त. चार खोल्या, सोळा सेंटिमीटर. मी ती वही बंद केली, पुन्हा उघडली, आणि तेव्हा ते बाथरूम आठवलं.

सकाळी सहायकाला घेऊन ऑफिसच्या लांब पॅसेजमध्ये बसले. ही चाचणी सर्व्हेवाल्यांना जुनी माहीत आहे, आमच्यात फारसं कुणी करत नाही, म्हणून नीट सांगते. एका सरळ रेषेत जमिनीवर तीन खुणा करायच्या, अ, ब, क. अ ते ब मोजा, ब ते क मोजा, मग अ ते क एकदम मोजा. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याइतकी यायला हवी. माझ्या मीटरने दाखवलं २.९६०, ३.९६० आणि ६.९६०. बेरीज ६.९२०, आणि सलग मोजलेलं ६.९६०. मधे जे चार सेंटिमीटर उरले तीच यंत्राची कायमची खोट, कारण दोन तुकड्यांत ती दोनदा शिरली आणि सलग मापात एकदाच. याची गंमत अशी की खऱ्या लांबीची माहिती नसतानाही ही चाचणी खोट सांगते. फक्त एक लक्षात ठेवा: यंत्र जर दर मीटरला थोडं थोडं कमी दाखवत असेल तर ते इथे पकडलं जाणार नाही, बेरीज तरीही जुळेल. त्यासाठी चांगल्या स्टील टेपशीच ताडून बघावं लागतं, आणि टेपही उन्हात तापते. तीस मीटरची टेप दहा अंशांनी तापली तर साडेतीन मिलिमीटर वाढते. मला चाळीस मिलिमीटरचा चोर शोधायचा होता, त्यामुळे ती चिंता नव्हती. टेपने अ ते क बरोबर सात मीटर भरलं.

विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, सेटिंग बघा. मोजणी पुढच्या कडेवर गेली असेल, मागच्या कडेवर आणा." हे उत्तर हुशारीचं आहे, कारण खऱ्या मीटरमध्येही हा घोळ होतो, मापाची सुरुवात पुढच्या कडेपासून की मागच्या, हे बटणाने बदलतं आणि चुकून दाबलं जातं. पण तसं झालं तर अख्ख्या मीटरच्या लांबीइतका, दहा-बारा सेंटिमीटरचा फरक येतो, चारचा नाही. हे सांगितल्यावर म्हणाला, "मग पाठवून द्या, बदलून देतो." मी पार्सल बांधलंसुद्धा होतं. सहायकाने विचारलं, "मॅडम, हे गेलं तर आपल्याकडे काय उरणार?" मी पार्सल परत उघडलं, प्रत्येक बाजूचे, चाचणीचे, बॅटरीच्या खणातल्या स्टिकरचे फोटो काढले. दोन दिवसांनी त्या नंबरवरून मला ब्लॉक केलं गेलं. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. विक्रीच्या वेबसाइटने सांगितलं, व्यवहार आमच्याकडून झालेलाच नाही. दोघंही खरंच बोलत होते. पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे, पोचपावती आहे, बाकी काही नाही.

सर्टिफिकेट मग मी एखादं संशयास्पद खरेदीखत वाचावं तसं वाचलं. अनुक्रमांक पेटीवरच्याशी जुळत होता, बॅटरीच्या खणातल्याशी नाही. चाचणी एकाच अंतरावर. 'अनिश्चितता', म्हणजे माप किती इकडेतिकडे असू शकतं, या रकान्यात काहीच नव्हतं, आणि आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या मानकाप्रमाणे मान्यता असलेली प्रयोगशाळा तो रकाना कधीच रिकामा सोडत नाही. ज्या प्रयोगशाळेचं नाव छापलं होतं तिला फोन केला, तिथल्या बाई म्हणाल्या, "आमच्या सर्टिफिकेटची मांडणीच अशी नसते, तुम्ही आधी का नाही विचारलंत?" पेटीवर अचूकता 'अधिक-उणे १ मिलिमीटर' अशी ठळक होती, पण कशाच्या आधारे ते नव्हतं. प्रामाणिक उत्पादक शक्यतो आयएसओ १६३३१-१ या लेझर मीटरच्या चाचणीच्या मानकाचा उल्लेख करतात, म्हणजे उजेड कसा, लक्ष्य कसं, अंतर किती हे ठरवून घेतलेली अचूकता. खऱ्या कंपनीच्या सेवा विभागाने पेटीवरचा क्रमांक त्यांच्या यादीत शोधून दिला. तो दुसऱ्याच कुणाच्या मीटरचा होता, आणि तो माणूस आपला मीटर सुखाने वापरत होता.

पैसे गेले ते मी विसरले असते. त्रास झाला तो रिपोर्टचा. चार महिन्यांत ३१ रिपोर्ट, त्यातल्या नऊमध्ये शेवटचं क्षेत्रफळ माझ्या मापावर ठरलेलं. एकात दोन भावंडांची वाटणी होती: घर भाऊ ठेवणार आणि बहिणीला तिच्या हिश्श्याचे पैसे देणार. माझ्या आकड्याने घर दोन टक्क्यांवर लहान केलं होतं, म्हणजे तिचे पैसेही. सह्या व्हायच्या होत्या, एवढंच नशीब.

वाचवलं ते वहीने. मी साइटवर आकडे जसेच्या तसे वहीत लिहिते आणि कोणतं माप कशाने घेतलं त्याची खूणही करते, लेझरला 'ले', टेपला 'टे'. म्हणून 'ले' असलेल्या मापांत चार सेंटिमीटर मिळवता आले. पण ते डोळे झाकून केलं नाही. खोट पहिल्या दिवसापासून तेवढीच होती याला पुरावा काय? म्हणून नऊपैकी तीन घरं टेपने पुन्हा मोजली, तिन्ही ठिकाणी चारच निघाले. उंची मात्र सुधारता आली नाही. ती मी पायथागोरसच्या मार्गाने, एका तिरप्या आणि एका आडव्या मापावरून काढली होती, आणि तिथे चूक नुसती मिळवून निघत नाही. तिथे परत जावं लागलं.

मग व्यावसायिक विम्याच्या कंपनीला कळवलं, आणि ते ग्राहकांच्या आधी कळवलं हे बरं झालं. पॉलिसीत तसं कलम होतं. नऊ जणांना पत्रं पाठवली: काय झालं, किती फरक, सुधारलेला रिपोर्ट सोबत, फी नाही. वकील मित्राने पत्राचा मसुदा इतका गोलमाल करून दिला होता की मलाच कळेना चूक कुणाची. मी तो बाजूला ठेवून साधं लिहिलं. दोघांनी आभार मानले, एका संस्थेने मला यादीतून काढलं, पाच जणांनी काहीच उत्तर दिलं नाही.

आता पॅसेजच्या फरशीत तीन पितळी खिळे ठोकलेत. दर सोमवारी सहायक नवा मीटर, दुकानातून पूर्ण किमतीला पक्क्या बिलावर घेतलेला, त्या तीन खिळ्यांवर चालवतो आणि तारीख टाकून आकडे लिहून ठेवतो. पाच मिनिटंही लागत नाहीत.

त्या आर्किटेक्टचं उत्तर सर्वांत शेवटी आलं. सुधारलेल्या रिपोर्टची पोच, आणि खाली एकच ओळ: "म्हणजे टाइल्स नव्हत्या तर."