६ व्होल्टचा वायपर, १२ व्होल्टची गाडी: रेझिस्टर, कन्व्हर्टर, वाइंडिंग की दुसरी मोटर?

जुनी गाडी ६ वरून १२ व्होल्टवर नेली की बाकीची कामं तशी पटापट होतात, बल्ब बदलले, इग्निशन कॉइल बदलली, डायनॅमो काढून अल्टरनेटर टाकला, आणि गाडी सकाळी एका फटक्यात स्टार्ट व्हायला लागते. अडतं ते वायपरवर. मोटर मूळची, डॅशबोर्डच्या मागे नाहीतर काचेच्या फ्रेमवर बसलेली, तशीच १२ ची सहज मिळत नाही आणि मूळची फेकून द्यायला जीव होत नाही.

पहिले एक बघून घ्या. तुमच्या वायपरला वायर जाते की रबरी पाइप? जुन्या अमेरिकन गाड्यांत बऱ्याच वेळा व्हॅक्यूमचा वायपर असतो, इंजिनच्या मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या पाइपांमधल्या, ओढीवर चालणारा, त्याला व्होल्टशी काही देणंघेणं नाही. हे सगळं इलेक्ट्रिक मोटरवाल्यांसाठी, म्हणजे जुनी बीटल, मॉरिस एट असल्या गाड्यांसाठी.

आता मुंबईत कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारा, पहिलं उत्तर येतं "डायरेक्ट द्या साहेब, काही होत नाही." थोडा वेळ खरंच काही होत नाही, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. पण आत काय चालतं ते मोटरवर अवलंबून आहे. आत कायमचं मॅग्नेट असेल तर स्पीड जवळपास दुप्पट होतो, वायपरचे हात काचेच्या कडेला धाडधाड आपटतात आणि लिंकेजच्या, म्हणजे मोटर आणि हात जोडणाऱ्या दांड्यांच्या, झिजलेल्या बुशांची वाट लागते, निदान तुम्हाला ऐकू तरी येतं. जुन्या मोटरींमध्ये मात्र बहुतेक वेळा मॅग्नेटच्या जागी फील्ड कॉइल असते, म्हणजे विजेवर मॅग्नेटचं काम करणारी तारेची गुंडाळी, आणि ती आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाला, पॅरलल जोडलेली असेल तर खरा धोका, कारण १२ व्होल्टला फील्डही वाढतं त्यामुळे स्पीड फार वाढत नाही, वायपर बघून वाटतं सगळं ठीक आहे आणि तिकडे फील्ड कॉइलमध्ये चौपट उष्णता तयार होत असते. तासभराच्या पावसात इन्सुलेशन जळायला तेवढं पुरतं. त्यामुळे डायरेक्टचा पर्याय माझ्या हिशेबात नाहीच.

रेझिस्टर हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त सुचवला जाणारा उपाय. हिशोब सोपा दिसतो. समजा मोटर चालताना ३ अँपिअर घेते. इंजिन चालू असताना १२ ची सिस्टीम खरं तर १४ च्या आसपास असते आणि जुनी ६ ची सिस्टीमही चार्जिंगवर ७ च्या आसपास चालायची, म्हणजे ७ व्होल्ट खाली उतरवायचे, भागिले ३, साधारण २.३ ओहम. उष्णता २१ वॉट, म्हणून ५० वॉटचा ॲल्युमिनियम बॉडीचा रेझिस्टर घ्यायचा, बल्कहेडच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या, पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवायचा, वायरिंग आणि कापडापासून लांब.

इथपर्यंत छान, पण रेझिस्टर किती व्होल्ट खाणार हे मोटर त्या क्षणी किती करंट ओढते त्यावर ठरतं, आणि वायपरचा लोड कधीच स्थिर नसतो. लोकांना वाटतं धो धो पावसात वायपरला जास्त जोर लागतो. उलट आहे, भरपूर पाण्यात काच गुळगुळीत असते आणि रबर सहज सरकतं, सगळ्यात जास्त जोर लागतो तो सर येऊन गेल्यावर, काच अर्धवट सुकलेली, वर पुढच्या बसने उडवलेल्या चिखलाचा पातळ थर, म्हणजे जून ते सप्टेंबर मुंबईत रोज जे होतं नेमकं तेच. अशा वेळी मोटर हळू होते, जास्त करंट मागते, आणि मागितला की रेझिस्टर आणखी व्होल्ट खातो. आकड्यात सांगतो: मोटरचा आतला रेझिस्टन्स अर्धा ओहम धरला तर अडकल्यावर ती मूळच्या ६ व्होल्टच्या सिस्टीममध्ये १२ अँपिअर ओढून जोर लावू शकायची, २.३ ओहम मध्ये टाकल्यावर १४ व्होल्टलासुद्धा जेमतेम ५ मिळतात. म्हणजे जोर हवा तेव्हाच जोर निम्म्याहून कमी. हिवाळ्यातल्या रॅलीपुरती आणि कोरड्या रस्त्यावर गाडी काढत असाल तर रेझिस्टर लावा, वायपर फिरतो हे दाखवायला पुरेसा आहे. पावसात सायनच्या ट्रॅफिकमध्ये त्याच्या भरवशावर मी गाडी काढणार नाही.

कन्व्हर्टर, म्हणजे १२ चे ६ करणारा इलेक्ट्रॉनिक बक मॉड्यूल, बरोबर इथेच जिंकतो. करंट २ अँपिअर असो की ८, तो व्होल्टेज धरून ठेवतो, त्यामुळे मोटरला आपण अजून जुन्याच गाडीत आहोत असंच वाटतं. तापतोही कमी. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गल्लोगल्ली मिळतो, पण घेताना डोळे उघडे ठेवा, एलएम२५९६ चिपचा तो बोटभर मॉड्यूल ३ अँपिअरचा असतो, वायपर सुरू होतानाच तो मान टाकणार. १५ ते २० अँपिअरचा घ्या, हीटसिंक असलेला, आणि पाणी लागणार नाही अशा डबीत बसवा. आउटपुट ६.५ ते ७ व्होल्टवर सेट करा.

दोन गोष्टी मात्र बसवण्याआधी तपासाच, इथे चांगले चांगले इलेक्ट्रिशियन फसतात. एक, पार्किंग. वायपर आपोआप खाली येऊन थांबत असेल तर मोटरला स्विचशिवाय आणखी एक सप्लाय असतो, स्विच बंद केल्यावर तोच हात खाली आणतो. कन्व्हर्टर फक्त स्विचच्या वायरवर लावला तर चालताना ६ आणि पार्क होताना थेट १२, म्हणजे केलेलं सगळं वाया. कन्व्हर्टरला इग्निशनवरून फ्यूज लावून सप्लाय द्या आणि मोटरकडे जाणारं सगळं त्याच्या आउटपुटवरून घ्या. दुसरं, अर्थ, म्हणजे बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. १२ करताना तो मायनस केला असेल तर फील्ड कॉइलवाल्या मोटरीला प्रश्न नाही, ती त्याने उलटी फिरत नाही, मॅग्नेटवाली मात्र फिरते. पण प्लस अर्थ तसाच ठेवला असेल तर साधा बक मॉड्यूल चालणार नाही, आयसोलेटेड प्रकारचा, म्हणजे इनपुट आणि आउटपुट आतून एकमेकांना न जोडलेला, लागेल आणि तो महाग पडतो.

बॅटरीच्या मधल्या सेलवरून ६ व्होल्ट काढायचा जुना जुगाडही कोणीतरी सांगेलच. नको. बॅटरीचा एक अर्धा भाग सतत उपाशी राहतो, दुसरा ओव्हरचार्ज होतो, आणि बॅटरी लवकर जाते. दोन वेगळ्या मोटरी असतील तर त्या सिरीजमध्ये जोडायच्या, हेही तसंच: एक अडकली की जवळपास सगळे व्होल्ट दुसरीला मिळतात.

वाइंडिंग करून घेणं, म्हणजे मोटरच्या आतली तार नव्याने भरणं, मला मनापासून आवडतं. मोटर तीच, बॉडी तीच, कॉइल १२ ची, वेढे साधारण दुप्पट आणि तारेचा छेद निम्मा. आर्मेचर आणि फील्ड दोन्ही भरायला लागतात, फक्त आर्मेचर भरून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. नंतर मध्ये डबी नाही, रेझिस्टर नाही, पार्किंगची भानगड नाही. अडचण कारागिराची. मोठ्या मोटरी भरणारे पुष्कळ आहेत, एवढ्या छोट्या आर्मेचरला हात लावणारे कमी, आणि उघडताना मूळचे वेढे मोजून न ठेवता तार कापली की काम अंदाजावर जातं. आधी वेढे लिहून घ्यायला लावा आणि जुनी तार परत मागा.

दुसरी १२ ची मोटर टाकणं बीटलवाल्यांना सोपं जातं, नंतरच्या मॉडेलना मुळात १२ च होती. बाकीच्यांना कुठल्या तरी चालू गाडीची मोटर ब्रॅकेट कापून बसवावी लागते, मग क्रँकची लांबी वेगळी, हात किती फिरतो तो कोन वेगळा, ब्लेड फ्रेमला घासतो किंवा अर्धी काच तशीच राहते. गाडी रोजच्या वापरातली असेल तर ठीक. ओरिजिनल म्हणून जपलेल्या गाडीचा पत्रा मोटरसाठी कापू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मी निवडणार असेन तर असं: मोटर चांगली आहे आणि गाडी पावसात निघणार आहे, तर कन्व्हर्टर. मोटर तशीही जळलेली किंवा उघडायला आलेली आहे आणि कारागीर भरवशाचा मिळाला, तर वाइंडिंग. कन्व्हर्टर उद्या काढून गाडी परत होती तशी करता येते, म्हणून शंका असेल तर तिथूनच सुरू करा.

पण काहीही विकत घ्यायच्या आधी मोटर उघडून आतलं जुनं, मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस काढा, नवीन भरा, इथल्या खाऱ्या हवेत गंजलेला अर्थ घासून मोटरला वेगळी अर्थ वायर द्या, आणि मग काच ओली ठेवून ६ व्होल्टच्या बॅटरीवर मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावून करंट मोजा. बऱ्याचदा नुसत्या साफसफाईनेच करंट कमी होतो, आणि जो आकडा येईल त्याच्या तिप्पट ते चौपट क्षमतेचा कन्व्हर्टर घ्या.