जुनी हार्ड डिस्क नव्या सीपीयूत लावायची, की विंडोज नव्याने टाकायचं?

ऐन लग्नसराईत, मे महिन्याच्या उकाड्यात, माझ्या सीपीयूचा मदरबोर्ड गेला. नागपूरच्या महाल भागात माझं डीटीपीचं काम आहे. पत्रिका, शपथपत्रं, संस्थांचे अहवाल. हार्ड डिस्क शाबूत होती. बर्डीच्या बाजारात नवा सीपीयू घेतला तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, जुनीच डिस्क लावा, सगळं जसंच्या तसं येईल." हातात सात पत्रिका होत्या, म्हणून मी तेच केलं. तीन आठवड्यांनी त्याच मशीनवर विंडोज नव्याने टाकलं. दोन्ही वाटा चालून झाल्यात, म्हणून लिहितोय.

डिस्क हलवण्याची बाजू आधी. विंडोज ७ च्या काळी असं केलं की बहुतेक वेळा निळा स्क्रीन यायचा. विंडोज १० तसं नाही, ते नवं हार्डवेअर बरंच सांभाळून घेतं. माझी अडचण वेगळीच निघाली. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणारा, त्यामुळे तो डिस्कवरून सुरूच होईना. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारी एमबीआर-टू-जीपीटी ही कमांड चालवली. तिने डेटा न पुसता काम होतं. तरी डिस्कची पूर्ण कॉपी घेतल्याशिवाय हे करू नये. मग डिव्हाइसेसची टक्केवारी सरकत गेली, मशीन दोनदा रिस्टार्ट झालं, आणि जुना डेस्कटॉप समोर आला. तेच आयकॉन, त्याच अर्धवट पत्रिका. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

पण मी डिस्क हलवली होती ती एकाच गोष्टीसाठी: मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर. गेली कित्येक वर्षं त्याच रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरच्या मांडणीच्या) कीबोर्डवर बोटं बसलेली, हजारो फाइली त्याच फॉन्टमधल्या. ते उघडलं तर चौकोन आला: हा संगणक नोंदणीकृत नाही, खालचा कोड कंपनीला कळवा. नोंदणी डिस्कला नव्हती, मशीनला होती. फोन केला, दुसऱ्या दिवशी दुपारी 'की', म्हणजे नोंदणीचा उलट कोड, मिळाली. दरम्यान नेट नव्हतं म्हणून मी लॅनचा (नेटची वायर जोडतात त्या भागाचा) ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, टाकला होता. ती 'की' टाकायला गेलो तर चौकोनात कोडच वेगळा! बहुधा ते सॉफ्टवेअर नेटवर्क कार्डवरून कोड काढत असावं. पुन्हा फोन, पुन्हा एक दिवस. पुढे ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला तेव्हा तिसऱ्यांदा तेच. समोर नवरदेवाचे काका बसलेले आणि मी त्यांना "उद्या या" म्हणतोय, हे मला फार लागलं. ज्या एका गोष्टीसाठी डिस्क हलवली, तीच आली नाही.

विंडोजचंही तेच. मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं. उजव्या कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' येऊन बसलं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स असेल तर ते हलवता येतं, तुमचं कोणतं आहे ते आधी बघा. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे हलवून आणतोय तेही उतारावरचंच. जुनी डिस्क एसएसडी या वेगवान डिस्कवर क्लोन केली, म्हणजे हुबेहूब उतरवली, तर वेग येईल, पण कोडची आणि लायसन्सची कटकट तशीच सोबत येते.

नव्याने टाकायला मला दीड दिवस लागला. क्रम महत्त्वाचा: आधी सगळे ड्रायव्हर, मग अपडेट, मग प्रिंटर, आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. कोड एकदाच मागितला, एकदाच दिला. लॅनचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घ्या, कारण विंडोज ११ सुरुवातीलाच नेट मागतं. नव्या इंटेल लॅपटॉपवर कधीकधी डिस्कच दिसत नाही. तिथे स्टोरेजचा ड्रायव्हरही लागतो.

जुने फॉन्ट आणायला मात्र विसरू नका. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकाला सारखाच समजणारा, नसतो. फॉन्ट नसेल तर 'चि. सौ. कां.'च्या जागी नुसती रोमन चिन्हं दिसतात. विंडोजचं फॉन्ट्स फोल्डर सगळेच कॉपी करतात. पण विंडोज १० मध्ये नुसतं 'इन्स्टॉल' दाबून टाकलेले फॉन्ट युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात जाऊन बसतात आणि ते फोल्डर लपलेलं असतं. माझे अकरा फॉन्ट तिथे निघाले.

म्हणून जुनी डिस्क पुसायची नाही. सॅटा-टू-यूएसबी केबलने ती बाहेरून जोडता येते. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी 'की' आधी लिहून ठेवा, नाहीतर डिस्क उघडणारच नाही.

तुमचं सॉफ्टवेअर मशीनला बांधलेलं नसेल, नवा-जुना बोर्ड साधारण एकाच पिढीचे असतील आणि काम उद्याच द्यायचं असेल, तर डिस्क हलवा, माझी हरकत नाही. लिनक्सवाल्यांना तर हीच वाट सोपी. बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतात, फार तर बूटची नोंद नव्याने करावी लागते. बाकी माझ्यासारखं काम असलेल्यांनी आषाढी एकादशी होऊ द्यावी. तुळशीच्या लग्नापर्यंत पत्रिकांचं काम मंद असतं, तेव्हा दीड दिवस काढावा आणि नव्याने टाकून घ्यावं, असं मला वाटतं.

माझी जुनी डिस्क ड्रॉवरमध्ये आहे, वर तारखेची चिठ्ठी लावून. मागच्या आठवड्यात एक ताई आल्या. मोठ्या मुलीच्या पत्रिकेतला मजकूर त्यांना धाकटीसाठी हवा होता. केबल लावली, अकरापैकी एका फॉन्टमध्ये पत्रिका उघडली, आणि नाव तेवढं बदलून दिलं.