लायब्ररीतला फुकट टॅक्सवाला काउंटर (व्हिटा, न्यू जर्सी): अनुभव

मागच्या वर्षी जॉब गेला, 20 आठवडे अनएम्प्लॉयमेंट (सरकारी बेकारी भत्ता) घेतलं, आठवड्याला 700 डॉलर म्हणजे एकूण 14,000. टॅक्सच्या वेळी आधी एका ओळखीच्या दुकानात गेले, तिथे म्हणाले ताई न्यू जर्सीत अनएम्प्लॉयमेंटवर टॅक्स नाही, तो कागद दाखवूच नका. मला काही ते पटेना, म्हणून लायब्ररीत व्हिटाची अपॉइंटमेंट घेतली. आयआरएसचाच (फेडरल टॅक्स खात्याचाच) कार्यक्रम आहे हा, कमी आणि मध्यम उत्पन्नवाल्यांचं रिटर्न व्हॉलंटियर लोक फुकट भरून देतात.

माझ्या वाट्याला एक रिटायर्ड बाई आल्या. त्यांनी 1099-जी फॉर्म, म्हणजे भत्ता किती मिळाला ते दाखवणारा स्टेटचा कागद, समोर ठेवला, पेन्सिलने चार नंबरच्या रिकाम्या बॉक्सला (कापलेला फेडरल टॅक्स दाखवणाऱ्या) गोल केला आणि विचारलं, क्लेम टाकताना 10 टक्के फेडरल टॅक्स कापायला सांगितलं नव्हतं का? नव्हतं सांगितलं, तेव्हा घरभाडंच कसंबसं निघत होतं. मग त्यांनी नीट समजावलं की न्यू जर्सी स्टेट यावर टॅक्स घेत नाही हे खरं, पण फेडरलला पूर्ण रक्कम दाखवावीच लागते, आणि त्या फॉर्मची माहिती आयआरएसकडे आधीच गेलेली असते त्यामुळे लपवलं तर नोटीस येणारच. 2020 साली 10,200 डॉलरपर्यंत माफी होती ती फक्त त्या एका वर्षापुरती, दुकानवाल्याने बहुतेक तेही डोक्यात धरलं असावं. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा टॅक्स मात्र यावर लागत नाही.

आमच्या 12 टक्क्यांच्या स्लॅबने या पैशांवरच 1,680 डॉलर टॅक्स बसला. पोटात गोळा आला अगदी, नोकरी गेलेल्या माणसाकडून हे घेतात याचा मला अजून राग आहे. पण बाईंनी 180 दिवसांत भरायचा प्लॅन ऑनलाइन कसा मागायचा ते दाखवलं, सेटअप फी नाही, व्याज आणि उशिरा भरल्याचा दंड तेवढा लागतो. नंतर दुसऱ्या व्हॉलंटियरने अख्खं रिटर्न परत तपासलं, मगच माझी सही घेतली.

दोन तास बसावं लागलं, खुर्च्या कमी आहेत, तरी पाचपैकी पाच स्टार. फोटो आयडी आणि घरातल्या सगळ्यांची सोशल सिक्युरिटी कार्डं घेऊन जा, 1099-जी स्टेटच्या साइटवरून आधीच डाउनलोड करून ठेवा आणि फेब्रुवारीतच फोन करा, एप्रिलमध्ये स्लॉट मिळत नाही. सध्या कुणी क्लेम टाकत असाल तर जमलं तर ते 10 टक्के कापायला सांगा बाबांनो.