कार्बाईड पात्याचा स्क्रॅपर आणि लाकडी फरशीवरचा जुना गोंद : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या महिन्यात माझ्या स्क्रॅपरच्या, म्हणजे कार्बाईड या पोलादापेक्षा कठीण पदार्थाचे पाते असलेल्या खरवडणीच्या, डोक्यातले आटे झिजले, पाते घट्ट बसेनासे झाले आणि दुरुस्तीच्या मागणीला ‘झिजणारे भाग हमीत येत नाहीत’ असे उत्तर आले, म्हणून हा अनुभव लिहायला घेतला. पाते झिजते हे मला मान्य आहे आणि त्याचे पैसे मी कधीच मागितले नाहीत. परंतु पाते ज्यात बसते ते धातूचे डोके झिजणाऱ्या भागांत कसे मोडते, या प्रश्नाला तीन पत्रांनंतरही उत्तर मिळालेले नाही. शेवटी आट्यांच्या जागी आरपार बोल्ट घालून मागून नट आवळला. आता पाते पूर्वीपेक्षा पक्के बसते.

या हत्याराचा खरा दोष मात्र आट्यांत नाही, तो पात्याच्या कोपऱ्यांत आहे, आणि त्याबद्दल मला सविस्तर सांगितलेच पाहिजे. नवे पाते काटकोनी, तीक्ष्ण कोपऱ्यांचे येते. दोन्ही हातांनी दाब देऊन आपण ते स्वतःकडे ओढतो. अर्ध्या तासाने मनगट दमते, हात किंचित कलतो आणि त्याच क्षणी कोपरा लाकडात रुततो. पहिल्याच दिवशी खिडकीजवळच्या दोन फळ्यांवर माझ्या हातून अशा दोन चिरा पडल्या. वर गोंदाचा लगदा असताना त्या दिसल्या नाहीत. फळ्या पुसून कोरड्या झाल्यावर संध्याकाळच्या तिरप्या उजेडात त्या उठून दिसल्या आणि नख फिरवले तर त्यात अडकू लागले. अशी चीर पॉलिश पेपरने घालवायची, तर तिच्या खोलीइतके लाकूड सगळ्या फळीवरून उतरवावे लागते.

उपाय सोपा आहे. कार्बाईडवर साधी कानस चालत नाही, त्यामुळे हिऱ्याचे कण बसवलेली धार लावण्याची पट्टी घ्यावी, ती ओली करावी आणि प्रत्येक कोपऱ्यावर दहा-बारा हलके हात मारून तो गोल करावा. ओली अशासाठी, की कार्बाईडच्या भुकटीत कोबाल्ट हा फुफ्फुसांना घातक धातू असतो आणि ती श्वासात जाऊ नये. कोपरे गोल केल्यापासून आजवर एकही चीर पडलेली नाही. हे काम कारखान्यात सहज होऊ शकते, निदान डब्यावर एक ओळ तरी छापता येते.

धारेबद्दल तक्रार नाही. साध्या पोलादी पात्याला दर काही मिनिटांनी कानस लागत असे. कार्बाईडच्या एका धारेवर जवळजवळ अर्धी खोली झाली, आणि पाते उलटून दुसरी धार वापरता येते. मात्र कार्बाईड ठिसूळ असते. वर आलेल्या खिळ्याच्या डोक्यावर पाते आपटले, की धारेचा कपचा उडतो. माझे एक पाते असेच वाया गेले, त्यानंतर मी खिळे आधी ठोकून आत बसवू लागलो. पाते नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच ओढावे. सॅंडरने (पॉलिश पेपर फिरवून घासणाऱ्या यंत्राने) थेट गोंद घासण्याचा प्रयत्न मी सुरुवातीला करून पाहिला होता. घर्षणाच्या उष्णतेने गोंद वितळतो आणि 40 नंबरचा जाड कणांचा पेपरसुद्धा पाहता पाहता चोंदतो.

पहिल्या दोन महिन्यांत माझे ठाम मत होते, की हीट गन (गोंद मऊ करायला गरम हवा सोडणारे यंत्र) आणि हा स्क्रॅपर एवढे पुरते, आणि सोयातेलापासून केलेला गोंद काढायचा जेल म्हणजे निव्वळ उधळपट्टी. हे मत मला दोनदा बदलावे लागले. पहिल्यांदा गालिच्याखालच्या पिवळसर गोंदाने बदलले. त्यावर गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके वीस मिनिटे ठेवले आणि थर सायीसारखा सुटून आला. तो लॅटेक्सचा गोंद होता आणि त्याला ना जेल लागला, ना हीट गन. पाणी लाकडात मुरू नये म्हणून मी एका वेळी हातभर जागाच घेतली आणि ती लगेच कोरडी पुसली. बिनखर्चाने इतके काम होईल असे वाटले नव्हते. त्याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

दुसऱ्यांदा मत बदलले ते शेवटच्या खोलीतल्या काळ्या, डांबरी गोंदामुळे. अशा जुन्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास फुफ्फुसांना घातक ठरणारे खनिज तंतू) असू शकते, त्यामुळे तुकडा प्रयोगशाळेत तपासून घेण्याआधी तो कोरडा खरवडू किंवा घासू नये. माझ्या नमुन्यात ते निघाले नाही. तरीही हीट गनने हा गोंद नुसता पसरत होता आणि खोलीभर धूर होत होता. तिथे जेलनेच काम केले. जाड थर लावून वर प्लास्टिक अंथरले आणि रात्रभर राहू दिले. सकाळी सगळा लगदा हलक्या हाताने निघाला. जेल लावलेल्या जागी पुन्हा हीट गन मुळीच फिरवू नये.

जेलचा तेलकट अंश फटींत राहतो, हे मात्र मला उशिरा कळले. साबणाच्या पाण्याने एकदाच पुसून मी पॉलिश केले आणि दाराजवळच्या तीन फळ्यांवर ते महिन्याभरात सोलून निघाले. जिथे तीनदा पुसून दोन दिवस वाळू दिले होते, तिथले पॉलिश चार महिन्यांनंतरही घट्ट आहे. त्या तीन फळ्या आता पुन्हा खरवडायच्या आहेत आणि त्यासाठी याच स्क्रॅपरचे, कोपरे गोल केलेले नवे पाते बसवून ठेवले आहे.